बी.पी.एड.ला ॲडमिशन घ्यायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि फॉर्म कुठे अडतो ते वाचा

दरवर्षी मैदानावर येणाऱ्या पोरापोरींचा एकच प्रश्न असतो, सर स्पोर्ट्समध्येच करिअर करायचंय, कुठला फॉर्म भरू? माझा उलटा प्रश्न असतो की नोकरी कुठली हवीये ते आधी सांग, कारण डिग्र्या दिसायला सारख्या दिसतात पण पुढे रस्ते फार वेगळे निघतात.

शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं असेल तर बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षण शिकवण्याची डिग्री लागते, आणि ते ग्रॅज्युएशननंतर २ वर्षांचं असतं. बारावीनंतरचं ३ वर्षांचं बी.पी.ई.एस. (शारीरिक शिक्षण आणि क्रीडा विषयातली पदवी) किंवा बी.एस्सी. स्पोर्ट्स सायन्स वाईट नाही, उलट फिटनेस, परफॉर्मन्स ॲनालिसिस, पुढे मास्टर्स यासाठी उत्तम आहे, पण तेवढ्यावर शाळेतल्या पीटी टीचरच्या पोस्टला अर्ज बसत नाही हे ॲडमिशन देताना कोणी ठळकपणे सांगत नाही. ज्युनियर कॉलेजला शिकवायचं तर त्यापुढे एम.पी.एड. (त्यातलीच मास्टर्स), सिनियर कॉलेजला जायचं तर वर नेट किंवा सेट ही प्राध्यापक पात्रता परीक्षा. कोच व्हायचं तर पटियाळ्याच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा, तिथे तुम्ही स्वतः कुठल्या लेव्हलला खेळलात ते बघतात. ग्वाल्हेरच्या एलएनआयपीईला (लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेला) जायचं तर त्यांची एन्ट्रन्स वेगळी, आपल्या राज्याच्या सीईटीचा म्हणजे प्रवेश परीक्षेचा तिथे उपयोग नाही. आणि फिजिओथेरपीला नीट (NEET) ही मेडिकलची प्रवेश परीक्षा लागते. स्पोर्ट्स सायन्स करून फिजिओ होता येतं असं कोणी सांगत असेल तर नमस्कार करून निघून या.

आता महाराष्ट्रातल्या बी.पी.एड.चं बघू. ॲडमिशन राज्य सीईटी सेलमार्फत होतं, पात्रतेचा पाया एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या नियमांचा. लोक वाचतात "कुठल्याही शाखेची पदवी, ५० टक्के" आणि तिथेच थांबतात, पण पुढचं अर्धं वाक्य जास्त महत्त्वाचं आहे. नुसते ५० टक्के चालत नाहीत, त्याच्यासोबत आंतरमहाविद्यालयीन, आंतरविभागीय, जिल्हा किंवा शालेय मान्यताप्राप्त स्पर्धेत निदान भाग घेतलेला हवा. टक्के ४५ ते ५० च्या मध्ये अडकले असतील तरी मार्ग आहेत. ग्रॅज्युएशनच शारीरिक शिक्षणातलं असेल, किंवा डिग्रीला शारीरिक शिक्षण हा विषय असेल, किंवा राज्य, राष्ट्रीय, आंतरविद्यापीठ लेव्हलला खेळला असाल, किंवा जिल्हा, शालेय, आंतरमहाविद्यालयीनला पहिल्या तिनात आला असाल तर ४५ वर बसता येतं. आंतरराष्ट्रीय खेळलेल्यांना किंवा राष्ट्रीय, आंतरविद्यापीठला पहिल्या तिनात आलेल्यांना टक्क्यांची अटच नाही. राखीव गटाला सवलत आहे, ती किती ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा. लास्ट इयरला असाल तरी सीईटी देता येते, फक्त ॲडमिशनच्या वेळी रिझल्ट हातात पाहिजे.

फॉर्म अडतो तो बहुतेक वेळा खेळाच्या सर्टिफिकेटवर. घरात मेडलची भिंत भरलेली असते पण सगळी गावच्या नाईट टुर्नामेंटची, नाहीतर मॅरेथॉनची फिनिशर मेडल्स. त्यांचा इथे काही उपयोग नाही. स्पर्धा मान्यताप्राप्त हवी, म्हणजे शाळेत असताना खेळलात तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय स्पर्धा, कॉलेजला असताना खेळलात तर विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या. सर्टिफिकेट हातात घेऊन नीट बघा. नाव दहावीच्या मार्कशीटप्रमाणेच आहे का, खेळ आणि लेव्हल लिहिलीये का, तारीख आहे का, सही आणि शिक्का आहे का. बऱ्याच सर्टिफिकेटवर नावाच्या जागी नुसतं टोपणनाव आणि आडनाव असतं, वडिलांचं नाव गायब, आणि स्पर्धेचं वर्ष रिकामं, कारण त्या दिवशी सरांनी बसमध्ये गठ्ठा वाटला आणि ज्याने त्याने आपापलं नाव पेनने भरलं! असं असेल तर आत्ताच जा, कॉलेजच्या क्रीडा संचालकांकडे किंवा शाळेत रेकॉर्ड असतं, दुरुस्त किंवा डुप्लिकेट मिळतं, पण कॅप राऊंड (सीईटीनंतर सीट वाटपाच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्या) चालू झाल्यावर गेलात तर सर नेमके कुठल्यातरी टीमबरोबर बाहेरगावी असणार. सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाची पडताळणी विभागीय उपसंचालकांकडे होते, ती वेगळी भानगड आहे, तिच्यात आणि यात गल्लत करू नका.

फॉर्म भरणं सोपं आहे. सीईटी सेलच्या साईटवर रजिस्ट्रेशन, स्वतःचाच मोबाईल आणि ईमेल द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको, पुढे सगळे ओटीपी त्याच्यावर येतात आणि ऐन वेळी तो फोन उचलत नाही. फोटो, सही, ओळखपत्र अपलोड करायचं, फी ऑनलाइन. परीक्षेचे दोन भाग, कॉम्प्युटरवर एमसीक्यू आणि मग मैदानी चाचणी, दोन्हीचे मार्क मेरिटला धरतात. पेपर चांगला गेला म्हणून मैदान हलक्यात घेऊ नका, वर्षभर फक्त अभ्यास केलेली मुलं तिथे दोन मिनिटांत धापा टाकतात. कुठल्या बाबी आहेत ते माहितीपुस्तिकेतून बघून निदान तीन महिने आधी सराव चालू करा, आणि डॉक्टरकडून मेडिकल फिटनेस सर्टिफिकेट काढून ठेवा.

सीईटी झाली म्हणजे ॲडमिशन झालं असं नाही, हे दरवर्षी कोणीतरी विसरतं. कॅपचं रजिस्ट्रेशन वेगळं करावं लागतं, त्याची फी वेगळी, कागदपत्रं परत अपलोड, मग छाननी, मेरिट लिस्ट, मग कॉलेजांचे ऑप्शन भरायचे. पुण्याचं आगाशे कॉलेज, अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं कॉलेज अशी जुनी नावं सगळेच वर टाकतात, पण खाली घराजवळचीही भरून ठेवा, लिस्ट छोटी ठेवली तर हात हलवत परत यावं लागतं.

कागदं: दहावी, बारावी, डिग्रीच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, टीसी, डोमिसाईल, आधार, खेळाची सर्टिफिकेट्स, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. लग्नानंतर नाव बदललं असेल तर मॅरेज सर्टिफिकेट किंवा राजपत्र. राखीव गटाला जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी (जात पडताळणी समितीचं प्रमाणपत्र) दोन्ही, आणि ओबीसी, एसईबीसी, व्हीजेएनटीला नॉन क्रिमीलेअर. हा नॉन क्रिमीलेअर ज्या वर्षी ॲडमिशन त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत चालणारा हवा, म्हणजे २०२६-२७ ला घेत असाल तर ३१ मार्च २०२७ पर्यंतचा, गेल्या वर्षीचा चिकटवलात तर थेट ओपनमध्ये धरतात. व्हॅलिडिटी नुसती अप्लाय केली असेल तर पावती जपून ठेवा, तिच्यावर मुदत मिळते की नाही ते त्या वर्षीच्या नियमावर असतं, त्यामुळे भरवशावर राहू नका, सीईटीचा फॉर्म भरला त्याच आठवड्यात समितीकडे अर्ज टाका.

सीट अलॉट झाली की मिळालेल्या तारखांमध्येच कॉलेजला रिपोर्ट करायचं, ओरिजिनल घेऊन. टीसी ओरिजिनल जमा होते, म्हणून आधी तिच्या चार-पाच झेरॉक्स आणि एक स्वच्छ स्कॅन काढून ठेवा, कारण थोड्याच दिवसांत राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर स्कॉलरशिप फॉर्म भरताना तीच मागतात आणि तोपर्यंत ती कॉलेजच्या कपाटात गेलेली असते.