रात्रीचं रस्त्याचं काम : नियमातल्या एका वाक्याची पार्श्वभूमी

1987 च्या दुरुस्तीने हवा प्रदूषण रोखण्याच्या कायद्यात आवाजही प्रदूषक ठरला. 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, पण त्यांचा भर लाउडस्पीकरवर राहिला. पुढची अनेक वर्षं वाद झाले ते मंडप, मिरवणुका आणि फटाक्यांचे. घराखाली ब्रेकर, म्हणजे रस्ता फोडायचं यंत्र, चालला तर रहिवाशाच्या हातात होता फक्त आकडा: निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबल. तोही सरासरीचा, आणि तक्रारीसाठी पातळी किमान 10 डेसिबलने ओलांडलेली हवी.

जानेवारी 2010 च्या दुरुस्तीने चित्र बदललं. आवाज करणारी बांधकामाची यंत्रं निवासी भागात आणि शांतता क्षेत्रात रात्री वापरायचीच नाहीत, असं वाक्य नियमांत आलं. त्याच कलमात रात्रीच्या हॉर्नला सार्वजनिक आणीबाणीची सूट आहे. यंत्रांच्या वाक्यात तेवढीही नाही. म्हणजे मोजमापाचा प्रश्नच उरायला नको होता. यंत्र चाललं की उल्लंघन झालं.

प्रत्यक्षात कसोटी लागली मुंबईच्या भुयारी मेट्रोवर. ऑगस्ट 2017 मध्ये न्यायालयाने दक्षिण मुंबईतलं रात्रीचं काम थांबवलं. कफ परेडच्या रहिवाशांना झोप मिळाली, प्रकल्पाचं वेळापत्रक मात्र ताणलं गेलं. पुढच्या वर्षी अटी घालून परवानगी मिळाली. प्रकल्पाची निकड खरी होती, हे मान्य. पण बंदीच्या जागी अटी आल्या की वाद पुन्हा डेसिबलवर जातो, आणि रात्री दोन वाजता डेसिबल मोजायला येणार कोण? 2010 ने रहिवाशाच्या खांद्यावरून उतरवलेलं ओझं असं परत चढलं.

2023 पासून मुंबईत सुमारे 400 किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाचा पहिला टप्पा सुरू झाला आणि हाच प्रश्न गल्लोगल्ली पोहोचला. गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी, आणि रेडिमिक्स, म्हणजे तयार कालवलेलं काँक्रीट, तर प्लांटमधून निघाल्यावर दोनेक तासांत ओतायला हवं. त्यामुळे मिक्सर रात्री येतात. पण खोदकामाला अशी घाई नसते, ब्रेकर दिवसा चालू शकतो. खरी अडचण सांधे, म्हणजे काँक्रीटमधल्या खाचा, कापण्याची. काँक्रीट थोडं घट्ट होताच, तडे जाण्याआधी, कटर फिरवावाच लागतो. दुपारी ओतलेल्या पट्ट्यावर तो नेमका मध्यरात्रीच्या सुमारास येतो. म्हणून ओतण्याची वेळ ठरवतानाच कापण्याची वेळही ठरवायला हवी.