फूट की क्युसेक? पाण्याची पातळी आणि विसर्ग

पावसाळ्यात कोल्हापूरकरांच्या मोबाइलवर दोन आकडे फिरायला लागतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फूट किती इंच, आणि राधानगरी धरणातून किती क्युसेक (सेकंदाला सुटणारं पाणी). दोन्ही एकाच मेसेजमध्ये येतात, त्यामुळे एक वाढला की दुसरा त्याच हिशेबात वाढणार असं वाचणारा धरून चालतो. "अजून दोन दरवाजे उघडले, मग आता किती फूट चढणार?" या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. का नाही, ते सिव्हिल इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळेत शेजारशेजारच्या दोन उपकरणांवर दिसतं.

पहिल्या उपकरणात पाणी थांबलेलं असतं. पारदर्शक टाकीत तराजूच्या दांडीला जोडलेला पाव वर्तुळाच्या आकाराचा एक ठोकळा. टाकीत पाणी चढवायचं, ते ठोकळ्याच्या उभ्या सपाट तोंडावर जोर लावतं, आणि दांडी समतोल ठेवायला दुसऱ्या टोकाला वजनं टाकायची. तोंड पूर्ण बुडेपर्यंत हिशेब साधा आहे: पाण्याची खोली दुप्पट केली की तळाचा दाब दुप्पट होतो, पण तोंडावरचा एकूण जोर चौपट. हा जोर पृष्ठभागापासून दोन तृतीयांश खोलीवर एकवटल्यासारखा वागतो. टाकी केवढी, पाणी किती लिटर, याचा संबंधच येत नाही. मुलांना हेच पटत नाही, आणि पटायला जडच आहे.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायला खांबांच्या मध्ये बसवलेल्या फळ्या, घ्या. बरग्यांमागे ३ मीटर पाणी अडलं असेल, तर दर एक मीटर लांबीच्या फळीभिंतीवर सुमारे साडेचार टनांचा जोर येतो. पाणी मागे चार किलोमीटर तुंबलेलं असो की चाळीस फूट, जोर तेवढाच. पाणी दीड मीटरवर उतरलं की तो सव्वा टनाच्या आत येतो. बरग्याला फक्त खोली कळते. नदीत पाणी किती आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पातळी नावाची गोष्ट एवढीच सांगते: या जागी, ठरवलेल्या शून्यापासून, पाणी किती उंच आहे.

दुसरं उपकरण म्हणजे वाहत्या पाण्याचा लांबट काचेचा पाट, ज्याला सगळे फ्ल्यूमच म्हणतात. त्याच्या आडव्या पत्र्याला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असते, तिला नॉच म्हणतात. खाचेतून पडणारं पाणी मोजटाकीत किती वेळात किती साठतं ते स्टॉपवॉच लावून बघायचं. हा झाला विसर्ग: एका सेकंदात किती पाणी पुढे गेलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर.

गोंधळ इथेच सुरू होतो, कारण नॉचवर आपण पातळी वाचतो आणि विसर्ग काढतो. काटकोनी खाचेवर पाणी ५ सेंटिमीटर चढलं, तर सेकंदाला पाऊण लिटरभर जातं. ते १० सेंटिमीटर झालं, तर जवळजवळ साडेचार लिटर. उंची दुप्पट, विसर्ग साडेपाच पटींहून जास्त. आयताकृती खाचेवर तीच दुप्पट उंची विसर्ग २.८ पट करते. शिवाय उंची मोजायची ती खाचेच्या टोकापासून, पाटाच्या तळापासून नाही. आणि मोजायची ती खाचेच्या थोडं मागे, कारण खाचेजवळ पाण्याचा पृष्ठभाग आधीच खाली झुकलेला असतो. प्रॅक्टिकलच्या वह्यांत निम्म्या चुका या दोन जागी सापडतात.

म्हणजे पातळीवरून विसर्ग काढता येतो, पण पाणी खाचेपलीकडे मोकळं पडत असेल तरच. आता खरी गंमत. फ्ल्यूमचा उतार अगदी थोडा ठेवा, पंपाचा व्हॉल्व्ह आहे तिथे राहू द्या, आणि पाटाच्या शेवटची, तळातून वर येऊन पाणी अडवणारी झडप थोडी वर उचला. वरून येणारं पाणी थेंबानेही वाढलेलं नाही, तरी पाटातली पातळी मागे मागे चढत जाते. विसर्ग तोच, पातळी जास्त. पाटाला तीव्र उतार दिला, तर शेवटच्या झडपेची खबर वरपर्यंत पोचत नाही. मध्येच कुठेतरी पाणी उसळून वर येतं, ज्याला हायड्रॉलिक जंप म्हणतात, आणि त्याच्या वरची पातळी ढिम्म हलत नाही. माझ्या मते पूर समजायला या एका झडपेइतकं काम दुसरं कुठलंच उपकरण करत नाही.

कोल्हापूरच्या खाली पंचगंगेचा उतार सौम्य आहे. नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते. कृष्णा तिथे फुगलेली असेल, तर पंचगंगेच्या शेवटी झडप उचलल्यासारखंच होतं आणि फुगवटा मागे सरकतो. तो किती मागे येतो, कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा त्यात वाटा किती, यावर दरवर्षी भांडण होतं. पण त्याचा निकाल नदीच्या तळाचा उतार, आडवे छेद आणि जागोजागच्या पातळ्या यांच्या हिशेबानेच लागेल, घोषणांनी नाही. पुरात राजाराम बंधारा स्वतःच पाण्याखाली असतो, म्हणजे नॉच बुडाल्यासारखी अवस्था. मोकळ्या धबधब्याचं सूत्र तिथे चालत नाही.

इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. घरात पाणी शिरेल का, रस्ता बंद होईल का, हे फूट सांगतात, म्हणून माणसांनी फुटांकडेच बघावं. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा बुडालेल्या घराला क्युसेक कुणी विचारले नाहीत. पण पात्राबाहेर पडल्यावर नदी उसाच्या रानात पसरते, आणि पुढच्या प्रत्येक इंचाला आधीच्या इंचापेक्षा कितीतरी जास्त पाणी लागतं. म्हणून "तासाला इंचच चढतंय" हे ऐकून निर्धास्त होणं धोक्याचं.

क्युसेक उपयोगी पडतात ते धरणाच्या हिशेबाला. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे पातळीच्या जोरावर आपोआप उघडतात. प्रत्येकातून १,४२८ क्युसेक सुटतात, आणि वीजगृहाचे धरून सगळे मिळून साडेअकरा हजारांच्या आसपास. एवढा विसर्ग चोवीस तास चालला, तर जवळपास १ टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, पाणी खाली येतं. हे पाणी भोगावतीतून येताना कासारी, कुंभी, तुळशीच्या पाण्यात मिसळतं. त्या नद्यांना त्या दिवशी काय आलंय यावर राजाराम बंधाऱ्याचे इंच ठरतात.

पूर उतरतानाही हेच. दरवाजे मिटल्याची बातमी येते आणि फूट मात्र हटत नाहीत. रानात पसरलेलं पाणी पात्रात परत येत असतं, आणि पुढे कृष्णेचा फुगवटा उतरलेला नसतो. एकच पातळी चढत्या पुरात एक विसर्ग दाखवते आणि उतरत्या पुरात त्याहून कमी. मेसेज पुढे ढकलताना आकड्यापुढे "चढती" की "उतरती" एवढं एक लिहिलं, तरी वाचणाऱ्याला निम्मं कळतं.