दोन तारामतींमधली १९ वर्षे

गिरगावातील कॉरोनेशन सिनेमागृहात ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा त्यातील तारामती एका पुरुषाने रंगवली होती. स्त्रिया पडद्यावर यायला तयार नव्हत्या, म्हणून ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना फाळक्यांनी लुगडे नेसवले. दुर्गा खोटे यांच्या कामगिरीचे मोल कळायचे, तर आधी ही खाणावळ आठवावी लागते.

१९०५ साली मुंबईच्या लाड कुटुंबात जन्मलेल्या दुर्गाबाई कॅथेड्रल शाळेत आणि पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकल्या आणि खोट्यांच्या सधन घरी सून म्हणून गेल्या. पुढे घराची आर्थिक घडी विस्कटली, पदरी दोन मुलगे होते, आणि म्हणून त्यांनी सिनेमात काम पत्करले. १९३१ सालच्या ‘फरेबी जाल’मधील छोट्या भूमिकेने वाट्याला टीकाच आली, घरंदाज बाईने तोंडाला रंग लावणे समाजाला रुचणारे नव्हते.

तरीही १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ या व्ही. शांताराम दिग्दर्शित पहिल्या मराठी बोलपटात त्याच तारामतीच्या भूमिकेत त्या उभ्या राहिल्या. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या रंगभूमीवर मुरलेल्या गायक-नटासमोर उभे राहून स्वतःच गायचे, आणि मराठीत झालेले सारे हिंदी आवृत्तीसाठी पुन्हा करायचे, असे ते काम होते. १९३६ सालच्या ‘अमर ज्योती’मध्ये तर त्या अन्यायाविरुद्ध बंड करून समुद्रावर जहाजे लुटणारी सौदामिनी झाल्या.

त्यांचे खरे धाडस मला मात्र वेगळ्याच गोष्टीत दिसते. नटनट्या कंपनीच्या पगारावर बांधलेल्या असण्याच्या त्या काळात त्यांनी एकाच कंपनीशी बांधून न घेता मुंबई, पुणे आणि कोलकाता येथे काम केले, आणि १९३७ साली ‘साथी’ची निर्मिती व दिग्दर्शनही केले. मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगमंचावर ‘भाऊबंदकी’तील आनंदीबाईही त्यांनी उभी केली.

‘मुघल-ए-आझम’मधील जोधाबाईमुळे त्या पुढच्या पिढीला ठाऊक झाल्या. १९८३ सालासाठीचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. १९९१ साली त्यांचे निधन झाले. त्याआधी तीनच वर्षे दूरदर्शनवर आलेली ‘वागळे की दुनिया’ ही मालिका त्यांच्याच निर्मिती संस्थेची होती.