गर्दी आणि गोतावळा

‘आमची कम्युनिटी पन्नास हजारांची झाली!’ अशी पोस्ट दिसली की मी आधी तिच्याखालच्या कमेंट्स उघडतो. बहुतेक वेळा तिथे हार्ट, टाळ्या आणि ‘अभिनंदन’ची रांग असते. जो तो अकाउंट चालवणाऱ्याशी बोलतोय, शेजारच्याशी कुणीच नाही. हे फॉलोअर्स झाले, कम्युनिटी नव्हे. हल्ली दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात आणि मग मेहनत भलतीकडेच खर्ची पडते.

व्हॉट्सॲपवर हा फरक अगदी स्वच्छ दिसतो. २०२३ साली तिथे चॅनेल आले. चालवणारा लिहितो, वाचणारे फार तर इमोजी टाकतात, पोलमध्ये मत देतात. फॉलोअर्सना एकमेकांचा पत्ता नसतो. ग्रुपमध्ये मात्र कुणीही कुणालाही उत्तर देतं, आणि म्हणूनच की काय, तिथे १,०२४ जणांवर दार बंद होतं. एकाचं लाखोंनी ऐकणं जमतं, लाखोंनी आपसात बोलणं जमत नाही.

मी शाईच्या पेनांवर एक छोटं अकाउंट चालवतो. बराच काळ तीही गर्दीच होती. मग एके रात्री कुणीतरी विचारलं, ‘नवीन पेन आहे, पण निब कागदावर खरखरते.’ मी झोपलो होतो. सकाळी बघतो तर दुसऱ्याने लिहिलेलं, ‘भिंगातून बघा, निबची दोन्ही टोकं एका पातळीत आहेत का?’ तिसऱ्याने त्याला टोकलं होतं, ‘आधी कागद बदलून पाहा, उगाच निबला हात लावू नका.’ चौदा कमेंट्स, त्यात माझी एकही नाही! खरं सांगायचं तर थोडं वाईटच वाटलं. पण त्यानंतर प्रश्न आला की मी लगेच उत्तर देणं सोडलं. ज्याला ते माहीत असेल त्याला टॅग करतो आणि गप्प बसतो. याहून मोठी युक्ती मला सापडलेली नाही.

याच्या अगदी उलट टोकाला गिव्हअवे. ‘तीन मित्रांना टॅग करा, बक्षीस जिंका’ म्हटलं की आकडा फुगतो, पण आलेला माणूस बक्षिसासाठी आलेला असतो. निकाल लागला की गेला. अशा टॅग करायला लावणाऱ्या पोस्ट फीडमध्ये मागे ढकलणार, असं फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच जाहीर केलं होतं. तरी लोक करतातच.

लाइक्स कमी म्हणजे कम्युनिटी मेली, असंही नाही. वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये एक ढोबळ प्रमाण मांडलं: ऑनलाइन समूहात १०० पैकी ९० जण नुसते वाचतात, ९ जण अधूनमधून बोलतात आणि बहुतेक सगळा मजकूर एकाच्या जिवावर चालतो. त्यामुळे गप्प नव्वदांना बोलतं करायच्या नादात त्या एकाकडे दुर्लक्ष झालं, तर घर ओस पडायला वेळ लागत नाही. माझ्याकडे असे चौघे आहेत. चौघांच्या आवडीच्या शायाही मला तोंडपाठ आहेत.

पण प्रत्येकाला कम्युनिटी हवीच कशाला? बातम्या, विनोद, गाणं यांना प्रेक्षक पुरतात, आणि प्रेक्षक असणं कमीपणाचं नाही. कम्युनिटी म्हणजे भांडणं सोडवणं, नियम लावणं, कधी आवडत्या माणसालाही बाहेर काढणं. प्रेक्षक फक्त पुढची पोस्ट मागतात.

आपल्याकडे यातलं काय आहे हे कळायला आठवडाभर काहीही पोस्ट करू नका. गर्दी असेल तर सगळं शांत. मी मागे आजारपणात नऊ दिवस गायब होतो. परतलो तेव्हा जुन्या पोस्टखाली निळ्या शाईवरून जुंपली होती, आणि मी आल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही.