वेळ अमावास्या

वेळ अमावास्या हा मार्गशीर्ष अमावास्येला शेतात सहकुटुंब जेवून साजरा होणारा सण आहे. लातूर आणि धाराशिव जिल्हे, सोलापूरचा काही भाग आणि शेजारचे कर्नाटकातले बीदर-कलबुर्गी हा त्याचा मुलूख. बोलीत त्याला 'येळवस' म्हणतात.

हे नाव कन्नड 'एळ्ळ अमावास्ये'वरून आले, असे सांगितले जाते. 'एळ्ळु' म्हणजे तीळ. मराठी-कन्नडची ही सरमिसळ या भागात स्वाभाविक आहे. आज लातूर जिल्ह्यात असलेले उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. उत्तर कर्नाटकात शेतभर नैवेद्य शिंपडण्याला 'चरग' म्हणतात. सीमेच्या अलीकडेही नैवेद्य तसाच शिंपडला जातो.

सुगीचे बहुतेक सण धान्य घरात आल्यावर येतात. येळवशीला मात्र रब्बीची ज्वारी अजून रानात उभी असते, हरभऱ्याला घाटे धरत असतात आणि काढणीला महिना-दोन महिने तरी अवकाश असतो. पीक हाती लागेल की नाही, हे कुणालाच ठाऊक नसते. तरीही काळ्या आईची ओटी आधी भरायची, ही या सणाची सर्वांत मोठी गोष्ट. 2016 च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या मुलखातली ही रीत आहे. पावसाने दगा दिलेल्या वर्षी पंगतीत पदार्थ कमी होतात, पण शेतात जाणे चुकत नाही.

स्वयंपाकाला आदल्या दिवसापासूनच सुरुवात होते. ज्वारीचे पीठ ताकात कालवून आंबील करतात. तिला ठेचलेला लसूण, जिरे आणि कोथिंबीर लावतात. मातीच्या बिंदगीत, म्हणजे छोट्या घागरीत, ती रात्रभर मुरते आणि दुसऱ्या दिवशी उन्हात गारेगार लागते. मुख्य मान भज्जीचा. नावावरून तळलेली भजी डोळ्यांपुढे येतील, पण ही दाटसर मिसळभाजी असते. तूर, वाटाणा, हरभरा यांचे ओले दाणे, मेथी, गाजर, कांद्याची पात असे रानात जे असेल ते तिच्यात पडते. वर चिंचेचा कोळ घालून डाळीचे पीठ लावले की ती मिळून येते. पहाटेच्या अंधारात चुलीवर मोठे पातेले रटरटत असते आणि घरातल्या दोघी-तिघी आळीपाळीने ते ढवळत असतात. जोडीला बाजरीचे उंडे (पिठाचे गोळे), तिळाची आणि शेंगदाण्याची पोळी, धपाटे, गव्हाची खीर.

शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप, म्हणजे खोपी, बांधतात. आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडतात, त्यांना चुना नि हळदकुंकू लावतात, लक्ष्मी पुजतात. मग घरातला एकजण बिंदगीतली आंबील घेऊन पिकाभोवती फिरतो आणि पळसाच्या पानाने किंवा ज्वारीच्या ताटाने ती शिंपडत जातो. मागून पोरे ओरडतात, 'ओलगे ओलगे, सालम पोलगे!' गावागणिक या शब्दांत थोडा फरक पडतो. घोष करणाऱ्यांतल्या कित्येकांना त्याचा अर्थ सांगता येत नाही, पण आवाज खणखणीत असतो. जमिनीला, पिकाला त्यांचा वाटा मिळाला की मगच माणसांची पंगत बसते.

पंगतीला घरच्यांपेक्षा पाहुणे जास्त असतात. ज्यांना शेत नाही, अशा शेजाऱ्यांना, शिक्षकांना, कामावरच्या सोबत्यांना आवर्जून बोलावणे जाते. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही 'आंबील तरी पिऊन जा' म्हणून थांबवतात. शेतकऱ्याने कृतज्ञता कशी व्यक्त करावी, याचे इतके साधे आणि पुरते उत्तर दुसऱ्या सणात क्वचितच सापडते. या दिवशी लातूर जिल्ह्यात स्थानिक सुट्टी दिली जाते. लातूर शहरातल्या एरवी गजबजलेल्या रस्त्यांवर दुपारी शुकशुकाट असतो आणि पुण्या-मुंबईला नोकरी करणारी मुले दिवाळीइतक्याच ओढीने गावी येतात.

जेवणानंतर झाडाला झोका बांधला जातो, बोरे नि ऊस खाल्ला जातो आणि म्हातारी माणसे कोपाच्या सावलीत आडवी होतात. दिवस मावळताना हेंडगा पेटवतात. गवत-कडब्याची ही पेटती मशाल हातात धरून पिकाच्या कडेकडेने फेरी घालतात. फेरी पुरी झाली की रिकामी भांडी आवरून सगळे गावाकडे निघतात आणि कोप तेवढा शेतात उभा राहतो.