वाळूच्या टेकडीवर तळं कसं राहतं?

वाळूत पाणी ओतलं की ते खाली जाणारच, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. मग ब्रिस्बेनसमोरच्या मिंजेरीबा बेटावर तळी कशी? पॉइंट लुकआउटच्या खडकासारखे थोडे अपवाद सोडले तर हे अख्खं बेट वाळूचंच आहे. नकाशात त्याचं नाव नॉर्थ स्ट्रॅडब्रोक, लोकांच्या तोंडी नुसतं ‘स्ट्रॅडी’. क्षेत्रफळ साधारण 275 चौरस किलोमीटर, वस्ती दोनेक हजार, गावं तीन.

ही वाळू मूळची इथली नव्हेच. दक्षिणेकडे न्यू साउथ वेल्समधल्या नद्यांनी ती समुद्रात आणली. तिरक्या येणाऱ्या लाटा तिला किनाऱ्याने उत्तरेला ढकलत राहिल्या, खडकाशी ती अडली आणि वाऱ्याने तिच्या दोनशे मीटरहून उंच टेकड्या रचल्या. क्वांडामूका या मूळनिवासी लोकांचा इथला वावर वीस हजार वर्षांहून जुना. तेव्हा समुद्र बराच खाली होता आणि हे बेटच नव्हतं!

आता पाणी. पाऊस वाळूत मुरतो. कणांमधल्या चिंचोळ्या वाटांनी बाजूला निसटायला त्याला वेळ लागतो, तोवर नवा पाऊस येतो. म्हणून बेटाच्या पोटात गोड्या पाण्याचा फुगवटा तयार होतो आणि तो खाऱ्या पाण्यावर तरंगतो. गोड्या पाण्याची घनता 1.000 धरली, तर समुद्राच्या पाण्याची 1.025. फरक 0.025. एकाला त्याने भागलं की येतात 40. म्हणजे समुद्रसपाटीच्या वर भूजल 1 मीटर चढलेलं असेल, तर खाली 40 मीटरपर्यंत पाणी गोडंच. याला घायबेन-हर्झबर्ग नियम म्हणतात. अर्थात पाणी स्थिर आणि वाळू खोलवर एकसारखी असेल तरच. प्रत्यक्षात पाणी वाहतं, मध्येच खडक लागतो, तेव्हा हे गणित ढोबळच मानायचं. समुद्राकाठी गोडं पाणी लागलं की चमत्काराच्या कथा जुळवल्या जातात. इथे मात्र एका भागाकारात काम भागतं.

जमीन या भूजलपातळीच्या खाली उतरते तिथे काबूरा, म्हणजे ब्लू लेक, दिसतं. याची स्थिती गेली साडेसात हजार वर्षं फारशी बदललेली नाही, असं 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचं म्हणणं.

बमिएल, म्हणजे ब्राउन लेक, याहून चमत्कारिक. ते भूजलाच्या वर, अधांतरी आहे. कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातली आम्लं वाळूतलं लोह आणि ॲल्युमिनियम सोबत घेऊन खाली उतरतात. काही अंतरावर हा सगळा ऐवज कणांच्या फटींत बसतो आणि शेणाने सारवलेल्या जमिनीसारखा घट्ट थर तयार होतो. तिथले लोक त्याला ‘कॉफी रॉक’ म्हणतात, कारण रंगच तसा. वर साचणारं पाणीही पाल्याच्या अर्काने चहासारखं होतं. ते केसांना, त्वचेला गुणकारी असल्याचं पर्यटक ऐकतात. पोहायला छान आहे, एवढं पुरे.

पण हा थर फुटला तर तळं रिकामं, कारण खाली पुन्हा वाळूच. म्हणूनच रुटाइल आणि झिरकॉनसाठी इथे दशकानुदशकं चाललेलं वाळूचं खाणकाम साधं नव्हतं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइट मिळतं, त्याच जातकुळीची ही जड खनिजं. ती वेगळी करायची तर अख्खी टेकडी उपसावी लागते. उपसलेली वाळू परत भरता येते, झाडंही लावता येतात, पण हजारो वर्षांत जमलेला थर लावता येत नाही. 4 जुलै 2011 रोजी न्यायालयाने क्वांडामूकांचा इथल्या जमिनीवरचा पारंपरिक हक्क मान्य केला आणि 2019 अखेर खाणी बंद झाल्या. बेटाचं भूजल मात्र आजही मुख्य भूमीवरच्या नळांना जातं.