रनिंग बॅक आणि फुलबॅक : धावणारा कोण, वाट काढणारा कोण?

अमेरिकन फुटबॉल नव्याने पाहू लागलेल्या मराठी प्रेक्षकाला ‘फुलबॅक’ हा शब्द हमखास चकवतो, आणि त्यात त्याची काही चूक नसते. आपल्या परिचयाच्या फुटबॉलमध्ये फुलबॅक हा बचावफळीतला खेळाडू. अमेरिकन फुटबॉलमध्ये मात्र तो चढाई करणाऱ्या संघाचा असतो, आणि चेंडू घेऊन धावणारा म्हणून समालोचक ज्याचे नाव सतत घेत असतात त्या रनिंग बॅकच्या दोन-तीन यार्ड पुढे, त्याची वाट मोकळी करायला, बहुधा उभा असतो. आकडेवारीच्या तक्त्यांत दोघेही पुष्कळदा एकाच रकान्यात सापडतात. जर्सीच्या क्रमांकावरून ओळखावे म्हटले, तर २०२१ पूर्वी कित्येक दशके दोघांनाही २० ते ४९ यांमधलाच क्रमांक घ्यावा लागे.

नावांचे मूळ अंतरात आहे. जुन्या रचनेत, दोन्ही संघ जिथे समोरासमोर भिडतात त्या रेषेमागे सर्वांत जवळ क्वार्टरबॅक (चेंडू हाती घेऊन चाल सुरू करणारा), त्याच्या मागे हाफबॅक आणि सर्वांत मागे फुलबॅक उभा राहत असे. पाव, अर्धा आणि पूर्ण, असा तो सरळ अपूर्णांकांचा हिशेब होता. पुढे ‘आय’ रचना रूढ झाली, जिच्यात क्वार्टरबॅक, फुलबॅक आणि चेंडू घेऊन धावणारा हे तिघे त्या इंग्रजी अक्षराच्या उभ्या रेघेप्रमाणे एकामागे एक उभे राहतात, आणि तिथे ‘पूर्ण’ पुढे सरकून ‘अर्धा’ शेवटी गेला. शेवटी गेलेल्या या हाफबॅकला टेलबॅकही म्हणतात, आणि आज नुसते ‘रनिंग बॅक’ म्हटले की बहुतेक वेळा तोच अभिप्रेत असतो. जागा बदलल्या, नावे तीच राहिली. शाळेत अपूर्णांक नीट शिकलेल्या माणसाला हे खटकते, पण त्याला इलाज नाही.

दोघांच्या कामातला फरक पाहण्यासाठी डलास काउबॉइज संघाच्या एमिट स्मिथ आणि डॅरिल जॉन्स्टन यांच्याइतकी चांगली जोडी दुसरी सापडणार नाही. संघ दरवर्षी विद्यापीठांतून नवे खेळाडू फेऱ्याफेऱ्यांनी निवडतात; त्यात जॉन्स्टन १९८९ मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठातून दुसऱ्या फेरीत निवडले गेले आणि स्मिथ १९९० मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातून पहिल्या फेरीत, सतराव्या क्रमांकावर. स्मिथ यांची उंची जेमतेम पाच फूट नऊ इंच आणि वजन सुमारे ९८ किलो. जॉन्स्टन सहा फूट दोन इंच आणि सुमारे ११० किलो. एकाच्या पाठीवर २२, दुसऱ्याच्या ४८.

या संघाची ‘लीड ड्रॉ’ नावाची चाल ठरलेली होती. क्वार्टरबॅक ट्रॉय एकमन चेंडू घेऊन जणू लांब फेकण्याच्याच बेताने मागे सरकत, त्यांच्यासमोरची स्वतःच्या संघाची फळीही फेकीच्या वेळी उभी राहते तशी उभी राही, आणि त्या आविर्भावाला भुलून प्रतिस्पर्धी बचावपटू पुढे झेपावत. त्याच क्षणी एकमन चेंडू स्मिथ यांच्या पोटाशी देत. जॉन्स्टन मात्र तोवर फळीतल्या फटीतून आत शिरलेले असत, आणि त्यांच्या समोर येई तो मधला लाइनबॅकर, म्हणजे तेवढ्याच वजनाचा आणि धावत येणारा बचावपटू. त्याला आडवे पाडलेच पाहिजे असे नव्हते. खांदा त्याच्या छातीशी भिडवून त्याला अर्धा क्षण एका अंगाला वळवले तरी काम होत असे. दोन पावले मागून येणारे स्मिथ जॉन्स्टन यांचा खांदा कोणत्या बाजूला गेला हे पाहत आणि दुसऱ्या बाजूने निसटत. स्मिथ यांच्यापेक्षा वेगवान धावपटू त्या काळात पुष्कळ होते, पण फट उघडेपर्यंत थांबण्याचा असा संयम फारच थोड्यांकडे होता. पडद्यावर प्रेक्षकाला दिसे ती फक्त २२ क्रमांकाची धाव.

कारकिर्दीच्या नोंदींतही तेच दिसते. पंधरा हंगामांत स्मिथ ४,४०९ वेळा चेंडू घेऊन धावले, १८,३५५ यार्ड मिळवले आणि धावून १६४ टचडाउन केले, म्हणजे तितक्या वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला; हे आकडे आजही एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे विक्रम आहेत. वॉल्टर पेटन यांचा १६,७२६ यार्डांचा विक्रम त्यांनी २७ ऑक्टोबर २००२ रोजी सिॲटल सीहॉक्सविरुद्ध मोडला. जॉन्स्टन अकरा हंगामांत चेंडू घेऊन धावले ते अवघे २३२ वेळा आणि त्यातून मिळवले ७५३ यार्ड. अशी बेरीज एखादा चांगला रनिंग बॅक अर्ध्या हंगामात करतो. ते झेल मात्र बऱ्यापैकी घेत, पण त्यांनी अडवलेल्या लाइनबॅकरांची मोजदाद कोणत्याही अधिकृत तक्त्यात नाही. रनिंग बॅकची कारकीर्द यार्डांत मोजता येते आणि फुलबॅकची येत नाही, हा माझ्या मते दोघांतला सर्वांत मोठा फरक आहे. संघ, चाहते आणि करार करणारे मालक या सगळ्यांचे वागणे त्यातूनच ठरते.

म्हणून सगळे श्रेय वाट काढणाऱ्याला देऊन टाकावे, असेही नाही. १९९३ मध्ये मानधनावरून वाद झाल्याने स्मिथ हंगामाच्या सुरुवातीला खेळलेच नाहीत. जॉन्स्टन होते, एकमन होते, तीच फळी होती, आणि गतविजेता डलास पहिले दोन्ही सामने हरला. मग मालकांनी चार वर्षांसाठी १ कोटी ३६ लाख डॉलरचा करार केला, स्मिथ परतले, त्या हंगामाचे सर्वोत्तम खेळाडू ठरले आणि संघाने पुन्हा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. उलट बाजूचा पुरावाही याच जोडीत मिळतो. जॉन्स्टन १९९९ नंतर खेळले नाहीत. २००० मध्ये स्मिथ यांचे १,२०३ यार्ड झाले, पुढच्या वर्षी १,०२१ आणि २००२ मध्ये ९७५. तोवर त्यांनी तिशी ओलांडली होती आणि संघही पूर्वीचा राहिला नव्हता, त्यामुळे ही घसरण एकट्या फुलबॅकच्या अभावामुळे झाली असे म्हणता येणार नाही. पण त्या अभावाचा काहीच वाटा नव्हता असे म्हणायलाही धीर होत नाही.

जुनी आकडेवारी चाळताना आणखी एक गल्लत होते. क्लीव्हलँड ब्राउन्सचे जिम ब्राउन १९५७ ते १९६५ या नऊ हंगामांत फुलबॅक म्हणूनच नोंदले गेले, आणि या फुलबॅकने ११८ सामन्यांत १२,३१२ यार्ड मिळवले. नऊपैकी आठ हंगामांत धावण्यात ते सर्व लीगमध्ये पहिले होते. १९७२ मध्ये एकही सामना न हरलेल्या मायामी डॉल्फिन्सचे लॅरी झाँका हेही फुलबॅकच, आणि संघाचा मुख्य धावपटू तेच. त्या काळचा फुलबॅक म्हणजे अंगापिंडाने थोराड असा रनिंग बॅकच होता. वाट काढण्याचे काम त्याच्याकडे पूर्णपणे आले ते नंतर. त्यामुळे ब्राउन आणि जॉन्स्टन यांच्या नावापुढे एकच शब्द लिहिलेला असला, तरी दोघांचा व्यवसाय एक नव्हता. १९९३ च्या हंगामापासून प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यात फुलबॅकसाठी स्वतंत्र जागा ठेवण्यात आली आणि तिच्यावर पहिले जॉन्स्टन निवडले गेले, तेव्हा कुठे या दुसऱ्या व्यवसायाला मान्यता मिळाली.

पण ती मान्यता उतरत्या काळात आली. वॉशिंग्टनचे प्रशिक्षक जो गिब्ज यांनी १९८० च्या दशकातच एकच बॅक ठेवून खेळायला सुरुवात केली होती. पुढे फेकीचा खेळ वाढला, मैदानभर पसरणाऱ्या तिसऱ्या झेल घेणाऱ्याला जागा द्यावी लागली, आणि ती फुलबॅकला बाहेर बसवूनच निघाली. आज अनेक संघांकडे फुलबॅक नसतोच. ज्यांच्याकडे आहे, त्यांत हार्वर्डमध्ये शिकलेल्या काइल यूसचेक यांचे नाव आधी घ्यावे लागते. सॅन फ्रान्सिस्कोने २०१७ मध्ये त्यांच्याशी चार वर्षांचा, २ कोटी १० लाख डॉलरपर्यंतचा करार केला आणि फुलबॅकला एवढे पैसे दिल्याबद्दल पुष्कळांनी भुवया उंचावल्या. फिलाडेल्फियाचे रनिंग बॅक सॅक्वॉन बार्कली यांनी २०२४ च्या हंगामात २,००५ यार्ड मिळवले, आणि २०२५ मध्ये त्यांना जो वाढीव करार मिळाला त्याची वर्षाची सरासरीच २ कोटी डॉलरच्या वर आहे.

शरीराची झीज दोघांचीही होते, पण तिची तऱ्हा वेगळी. रनिंग बॅकवर मार चहूबाजूंनी येतो: २ जानेवारी १९९४ रोजी न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध स्मिथ यांचा खांदा पडल्यामुळे निखळला, आणि त्याच खांद्याने ते पुढे खेळत राहिले, सामना अतिरिक्त वेळेत जिंकला तोवर त्यांनी ३२ वेळा धावून १६८ यार्ड मिळवले होते. फुलबॅकवर मार समोरून येतो, तोही त्याने स्वतः जाऊन ओढवून घेतलेला, आणि तो साठत जातो मानेत. जॉन्स्टन यांची मान १९९७ मध्ये दुखावली, शस्त्रक्रियेनंतर ते परत आले, आणि १९९९ मध्ये त्याच मानेने कारकीर्द संपवली.

ऑगस्ट २०१० मध्ये ओहायोतील कँटन येथे स्मिथ यांना हॉल ऑफ फेमचा, म्हणजे थोर खेळाडूंच्या यादीत कायमच्या स्थानाचा, मान मिळाला, तेव्हा त्यांनी व्यासपीठावरून जॉन्स्टन यांचे नाव घेऊन त्यांचे ऋण मानले, आणि प्रेक्षकांत बसलेल्या त्या थोराड माणसाला रडू आवरले नाही. संघात त्यांना ‘मूस’ म्हणत. मूस म्हणजे उत्तर अमेरिकेतले अवाढव्य सांबर. टेक्सास स्टेडियमवर त्यांच्या हाती क्वचित चेंडू आला की हजारो लोक एका सुरात ‘मूऽऽऽस’ असे ओरडत, आणि पहिल्यांदाच सामन्याला आलेल्या माणसाला ते ‘बूऽऽऽ’ असे ऐकू येऊन वाटे की लोक या ४८ क्रमांकाच्या खेळाडूची हुर्यो उडवत आहेत.